मधुमेहींसाठी समुपदेशन वर्ग, विश्रामबाग (सांगली): चालणं का सुटतं यावर नेमकं काम

'वजन उतरवा, रोज चाला' हा सल्ला मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मिळतो. चालणं पंधरवड्यात का सुटतं, हे फारसं कुणी विचारत नाही. विश्रामबागेतल्या एका मधुमेह दवाखान्यातला 12 आठवड्यांचा हा वर्ग तिथूनच सुरू होतो. नाव जरूर घालावं.

पहिल्या बैठकीत उपदेश नसतो. 'चालणं जमेल याची खात्री 0 ते 10 मध्ये किती?' एवढंच विचारतात. उत्तर 4 आलं, तर पुढचा प्रश्न 'एवढी कमी का?' असा नसतो. '2 का नाही म्हणालात?' असा असतो. मग रुग्ण आपणहून जमण्याची कारणं सांगू लागतो. खात्री 7 च्या खाली असली की उद्दिष्ट लहान करतात: 30 मिनिटांऐवजी रात्रीच्या जेवणानंतर 10 मिनिटं. पुढे हळूहळू आठवड्याला 150 मिनिटं, सलग दोन दिवस खाडा नाही. वजनाचं उद्दिष्टही झेपेल असं, 5 ते 7 टक्के. म्हणजे 80 किलोच्या माणसाला 4 ते साडेपाच किलो.

डायरीत वेळ, मिनिटं, खाणं आणि 'मनात काय आलं' असे चार रकाने. चौथा सगळ्यात मोलाचा. 'लग्नात जिलेबी खाल्ली, आता आठवडा वायाच गेला' हा विचार एका जिलेबीपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्यापायी पुढचे चार दिवस चालणं बंद होतं. तो विचार पकडून बदलायला इथे सराव करून घेतात. भडंगाचा डबा टेबलावरून माळ्यावर, खायचं ते वाटीत मोजून. आमराईत सकाळी फिरणाऱ्याने पावसाळ्यातली सोय आधीच लिहायची: 'पाऊस असला तर त्याच वेळी घरातच जागच्या जागी 20 मिनिटं.'

उणीव मात्र गंभीर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेणाऱ्याची शुगर चालताना गरजेपेक्षा खाली उतरू शकते. ही माहिती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे, ती पहिल्या बैठकीत हवी. चालण्याआधी शुगर 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खावं. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी आणि त्या वेळी चालू नये. शुगर उतरल्यावरचा घाम, थरथर एकदा अनुभवलेला माणूस भीतीपोटी चालणं सोडतो, शिवाय खबरदारी म्हणून जास्त खातो. वजन तिथेच वाढतं. ही भीती मनाचीच बाब आहे, आणि वर्गात तिच्यावर एकही बैठक नाही.

उदासीनतेची नऊ प्रश्नांची चाचणी सहाव्या आठवड्यात घेतात, तीही उशिराच. मन खचलेल्याला डायरी भरणं ओझं वाटतं आणि तो तिसऱ्या बैठकीलाच गळतो.

बाराव्या आठवड्यानंतर काहीच ठरलेलं नाही. उतरलेलं वजन पाठपुरावा थांबला की परत चढू लागतं, म्हणून पैसे भरण्याआधी पुढचं वर्षभर महिन्याला एक बैठक मिळेल का, हे विचारून घ्यावं.