सप्तशती, ललितासहस्रनाम की देवीगीता, सुरुवात कुठून करायची?

नवरात्रात कोराडीला दर्शनाच्या रांगेत पुढच्या ताई म्हणाल्या, रोज देवीचं वाचते पण आत काही हलतच नाही, नेमकं काय वाचू? तेव्हा जे बोलणं झालं तेच इथे लिहून राहिली.

"सगळं कळते तरी मन तिथेच काहून जाते", हा प्रश्न असेल तर सप्तशतीच (दुर्गासप्तशती) घ्या. आपल्या डोक्यात सप्तशती म्हणजे घट, होम, महिषासुर एवढंच असते, पण पहिला अध्याय अर्थासकट वाचून बघा ना, राज्य गेलेला सुरथ राजा आणि बायकोपोरांनी पैशासाठी घराबाहेर काढलेला समाधी वैश्य, दोघं मेधा ऋषींना विचारतात की आम्ही जाणते आहोत तरी ज्यांनी हाकललं त्यांच्यातच जीव का अडकतो. ऋषी पाखरं दाखवतात, स्वतः उपाशी तरी दाणा पिल्लाच्या चोचीत. मला तर रडूच आलं होतं. मग पाचव्या अध्यायात 'या देवी सर्वभूतेषु', तिथे ती चेतना आहे, बुद्धी आहे, पण झोप, भूक, तहान अन् भ्रांतीसुद्धा तीच आहे. म्हणजे मन भरकटलं तरी ते भरकटणं ज्याला दिसते तिथेच थांबून बघायचं.

अडचण वेळेची. 13 अध्याय, 700 मंत्र, वरून पाठाआधी म्हणायची कवच-अर्गला-कीलक ही स्तोत्रं, मला अडीच तास लागतात. पाठाचे नियम गुरुजींना विचारा, नुसता अर्थ समजून घ्यायला मात्र रोज एक पान पुरते.

ललितासहस्रनाम अर्ध्या तासात होते. ब्रह्मांडपुराणातलं, हयग्रीवांनी (विष्णूचा अवतार) अगस्त्य ऋषींना सांगितलेलं. गोष्ट नाही, नामं फक्त, त्यामुळे जपात मन लागणाऱ्याला खूप छान. 'अंतर्मुखसमाराध्या' आणि लगेच पुढे 'बहिर्मुखसुदुर्लभा', या दोन नामांवरच महिना जाईल. पण शरीरातल्या चक्रांची नामं सुरू झाली की सांगणारं कोणी पाहिजे, नाहीतर जीभ पुढे जाते आणि अर्थ मागे राहतो.

देवीगीता देवीभागवताच्या 7व्या स्कंधात आहे, देवी हिमालयाला सरळ सांगते की आधी फक्त मीच होते, त्यालाच चित्, म्हणजे शुद्ध चैतन्य म्हणतात. वेदांताची सवय असेल तरच आधी घ्या.

त्या ताईंना मी सप्तशतीचा पहिला आणि पाचवा अध्याय सांगितला, मग शेवटचा. तिथे सुरथ राज्य मागतो, समाधी 'मी-माझं' सुटेल असं ज्ञान मागतो, आणि देवी दोघांनाही देते.