डिसेंबरात घेतलेला उतारमापक: एप्रिलपर्यंतचा अनुभव

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा उतारमापक घेतला, आता एप्रिल संपत आलाय. म्युनिकहून शनिवारी पहाटे निघायचं, ऑस्ट्रियातल्या डोंगरांत दिवसभर स्की करायची आणि रात्री घरी यायचं, असे सतरा दिवस तो माझ्या जॅकेटच्या खिशात होता.

वस्तू अगदी साधी आहे. तळहातावर मावेल एवढी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यात कमानीसारखी नळी आणि नळीतल्या द्रवात एक काळी गोटी. पट्टीची सरळ कड उतारावर टेकवली की गोटी घरंगळत जाऊन एका आकड्यापाशी थांबते. तो उताराचा कोन, अंशांत. बॅटरी नाही, चार्जिंग नाही.

मला याची गरज का पडली ते सांगते. मी मूळची नाशिकची. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना कधी भीती वाटली नाही, पण वयाच्या अडतिसाव्या वर्षी स्की शिकले आणि लाल, म्हणजे मध्यम अवघड, उताराच्या वरच्या कडेला उभी राहिले की पाय लटपटायचे. बारा वर्षांची लेक खालून ओरडायची, "आई, अगं लालच तर आहे!" लाल म्हणजे नेमका किती उभा, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

स्कीचे उतार किती अवघड ते रंगांनी दाखवतात आणि ऑस्ट्रिया आणि जर्मनीत या रंगांना आकड्यांचा आधार आहे. निळा उतार २५ टक्क्यांपर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. मधले छोटे मोकळे तुकडे याहून उभे असले तरी चालतात. अमेरिकेत असं नाही. तिथे त्या त्या डोंगरावरच्या इतर उतारांशी तुलना करून खूण ठरते, त्यामुळे एका ठिकाणचा काळा हिरा (अवघड) दुसरीकडे निळ्या चौकोनात (मध्यम) जमा होऊ शकतो.

आणि टक्के म्हणजे अंश नव्हेत, इथे बहुतेकांची गल्लत होते. आडवं १०० मीटर गेल्यावर २५ मीटर खाली आलात तर उतार २५ टक्के, म्हणजे फक्त १४ अंश. ४० टक्के म्हणजे जेमतेम २२ अंश. १०० टक्के म्हणजे ४५. ऑस्ट्रियातल्या मायरहोफेनच्या प्रसिद्ध हराकिरी उताराचा आकडा ७८ टक्के सांगतात. आमच्या ऑफिसातला एकजण तो ७८ अंश समजून छातीठोकपणे सांगत होता. ७८ अंश म्हणजे जवळपास भिंत झाली! खरा कोन ३८ अंश, आणि तोही मशीनने सारखा केलेल्या बर्फावर पुरेसा भयंकर आहे.

पहिल्याच दिवशी मी माझ्या त्या लाल उतारावर, जिथे दरवेळी अडायचे तिथेच कडेला थांबून मापक लावला. मनात ३५ धरले होते. गोटी १९ वर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा १९. मला रडूच आलं, खरं सांगते. दोन वर्षं मी १९ अंशांना घाबरत होते. यात माझं एकटीचं काही चुकत नव्हतं हे नंतर कळलं. डेनिस प्रॉफिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ५ अंशांचा चढ साधारण २० अंशांचा वाटत होता. डोळे असेच फसवतात.

मापक लावायचा कसा, हे शिकायला मात्र महिना गेला. थेट बर्फावर टेकवला तर मशीनच्या बारीक सऱ्यांमुळे दर वेळी वेगळा आकडा येतो. स्कीची काठी उतारावर आडवी न ठेवता बरोबर खालच्या दिशेने झोपवायची आणि तिच्यावर पट्टी ठेवायची. खालची दिशा ओळखायला बर्फाचा छोटा गोळा सोडायचा, तो ज्या रेषेत जाईल तीच खरी. काठी त्या रेषेपासून ३० अंश वाकडी पडली तर ३० अंशांचा उतार २७ पेक्षाही कमी दिसतो. जानेवारीतली माझी निम्मी मापं अशीच चुकली होती, ती वहीतून खोडून टाकली.

दुसरं म्हणजे एका उताराला एकच आकडा नसतो. ऑस्ट्रियातल्या कित्झब्यूलच्या श्ट्राइफ या स्की शर्यतीचा मार्ग ३,३१२ मीटर लांब आणि ८६० मीटर खाली येणारा. सरासरी काढली तर २७ टक्के, म्हणजे अंदाजे १५ अंश. त्यातलीच माउझेफाले नावाची जागा ८५ टक्के, म्हणजे ४० अंशांच्या वर. फोनवरची स्की ॲप्स सरासरी दाखवतात, पण माणूस घाबरतो ते त्या एका तुकड्याला.

नकाशांचंही तसंच. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटर उंचीला आणि नकाशा १:२५,००० चा असेल, तर दोन रेषांत साधारण १.४ मिलिमीटर अंतर म्हणजे ३० अंश. हा हिशोब मला फार उपयोगी पडला. पण ज्या मोफत नकाशांमागे जमिनीचा ३० मीटरच्या चौकटींचा नमुना असतो, ते छोटे उभे टप्पे गिळून टाकतात. माझ्या पट्टीवर ३३ आलेली एक पायरी फोनवर २७ दिसत होती.

फोनचं कोनमापक ॲपही सोबत वापरून पाहिलं. आकडा चांगला येतो, पण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन सपाट बसत नाही, हातमोजे काढावे लागतात आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून पट्टीच बरी.

तक्रारी आहेत. आकडे फार बारीक छापलेत, गॉगलमधून वाचताना डोळे बारीक करावे लागतात. फेब्रुवारीत नळीत बुडबुडा आला आणि गोटी त्याच्यापाशी अडायला लागली. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता पट्टीवर टिचकी मारली की गोटी सुटते, पण दोन अंशांची चूक धरूनच चालते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आखलेल्या मार्गाबाहेर जाणाऱ्यांनी यावर विसंबू नये. हिमकडे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात, आणि मापक टेकवायला तुम्ही त्या उतारावर पोचलेले असता. शिवाय तुमच्या पायाखाली २० अंश असले तरी डोक्यावर ३५ असू शकतात. तो निर्णय नकाशा आणि त्या दिवसाचं हिमस्खलनाचं पत्रक पाहून घरीच घ्यायचा.

मार्चमध्ये लेकीला तिच्या प्रशिक्षकांनी बिनपट्टीची युक्ती शिकवली. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्यायच्या. एक बर्फावर दाबून ठसा उमटवायचा, टोक वर, मूठ खाली. टोक तिथेच ठेवून मूठ उचलायची आणि त्या मुठीशी दुसरी काठी चिमटीत धरून सरळ लोंबती ठेवायची. लोंबत्या काठीचं टोक ठशाच्या खालच्या शेवटाला बरोबर टेकलं तर समभुज त्रिकोण झाला, उतार ३० अंश. ठशाच्या खाली टेकलं तर जास्त उभा, वर टेकलं तर कमी. काठी १२० सेंटिमीटरची असेल तर दर १० सेंटिमीटरला जवळपास ३ अंश. सहावीतली भूमिती बर्फावर उभी राहिलेली पाहून लेक इतकी खूश झाली की घरी आल्यावर तिने दोन्ही काठ्यांवर दर १० सेंटिमीटरला लाल चिकटपट्टी लावली. माझ्याही काठ्यांवर लावून दिली.