एमजीबी घ्यावी की स्पिटफायर? घरच्या घरी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी

सांगलीला बाबांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. रविवारी सकाळी ते तिचं अख्खं तोंड, म्हणजे बोनेट आणि दोन्ही मडगार्ड एकदमच, पुढे उचलून उघडायचे आणि मी चाकावर बसून त्यांच्या हातात पाने द्यायचे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहायला आल्यावर एका गल्लीत ट्रायम्फ स्पिटफायर तशीच उघडलेली दिसली आणि मी जागीच थांबले. मद्रासला जुळणी होणारी आपली हेरल्ड आणि इथे कॅनलीच्या कारखान्यात बनलेली स्पिटफायर एकाच घरातल्या. पुढचं सस्पेन्शन आणि इंजिनाचं घराणं दोघींचं एकच.

तरी मी आधी घेतली ती एमजीबी. तिच्यासोबत नऊ वर्षं काढली, आणि आता सहा वर्षं स्पिटफायर १५०० आहे. इकडे राहणारे आपले बरेच जण विचारतात की पहिली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची, काम शक्यतो स्वतःच करायचं, तर या दोघींपैकी कोणती? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. घरापुढच्या जागेत, जॅक-स्टँड आणि पान्यांच्या पेटीवर सगळं निभवायचं असेल तर स्पिटफायर. लांबचे प्रवास करायचे असतील आणि पत्र्याचं काम दुसऱ्याकडून करून घेण्याइतके पैसे बाजूला असतील तर एमजीबी. चालवायला कोणती छान, यावर लोक तासन्‌तास बोलतात. पण तुम्ही जितके तास गाडी चालवाल, तितकेच तिच्याखाली काढणार आहात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

दोन्ही गाड्या १९६२ च्या शरद ऋतूत आल्या आणि १९८० मध्ये बंद झाल्या. सुरुवातीला त्या प्रतिस्पर्धी होत्या, १९६८ नंतर ब्रिटिश लेलँड या कंपनीच्या एकाच छपराखाली आल्या. एमजीबी ॲबिंग्डनच्या कारखान्यातली, पाच लाखांहून जास्त निघाल्या. स्पिटफायर तीन लाखांच्या वर, आणि तिची रेखाटणी इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांची. एवढ्या संख्येने बनल्यामुळे दोघींचे सुटे भाग आजही सहज मिळतात. एमजीबीचा तर अख्खा नवा सांगाडा ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीला मूळ साच्यांवर बनतो. सुट्या भागांच्या बाबतीत एमजीबी पुढे आहे, पण स्पिटफायरवाल्याचं काम अडावं इतकी नाही.

इंजिनापर्यंत हात पोचणं

एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज मालिकेतलं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, त्याचं हे थोरलं भावंड. ॲम्बेसेडरचं बोनेट उघडून ज्यांनी टॅपेट सेट केले असतील त्यांना इथे सगळं ओळखीचं वाटेल. जाड बिडाचं, सोशिक इंजिन आहे. सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, तीन मेन बेअरिंग होती, १९६४ च्या अखेरीपासून पाच झाली. शक्यतो पाचवालीच बघा.

स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीपासून १२९६ आणि शेवटी १९७४ च्या अखेरीस १४९३ सीसीपर्यंत वाढत गेलं. ते एमजीबीच्या इंजिनाइतकं दणकट नाही, हे मान्य करायलाच हवं. पण बोनेट उघडलं की तुम्ही टायरवर बसून प्लग, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, सगळ्याला हात लावू शकता. एमजीबीला मडगार्डवर चादर टाकून ओणवं व्हावं लागतं. पन्नाशीनंतर कंबर हा फरक रोज सांगते.

खरा फरक क्लचला कळतो. स्पिटफायरच्या दोन्ही सीट काढा, गालिचा गुंडाळा, मधलं बोगद्यासारखं आवरण उचला की गिअरबॉक्स समोर. तो मागे ओढून गाडीच्या आतूनच बाहेर निघतो. मी आणि माझ्या भाच्याने एका शनिवार-रविवारात क्लच प्लेट बदलली, आणि त्याला तोवर पाना कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. एमजीबीत त्याच प्लेटसाठी इंजिन उतरवावं लागतं, म्हणजे साखळीची घोडी भाड्याने आणा, रेडिएटर काढा, आणि ती घोडी फिरवायला सपाट फरशी शोधा. त्यातून एमजीबीचं क्लच रिलीज बेअरिंग कार्बनचं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते लवकर झिजतं. एमजीबी घेणार असाल तर ही सवय आजपासून सोडा.

कार्बोरेटरच्या बाबतीत ब्रिटनमधल्या दोन्ही गाड्या सारख्या, जोडीने दोन एसयू बनावटीचे. मला या कामाइतकं आवडणारं दुसरं काम नाही. इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने जेमतेम मिलिमीटरभर वर ढकला आणि कान द्या. इंजिन किंचित चढून लगेच स्थिरावलं तर मिश्रण बरोबर. चढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, अडखळून बंद पडायला लागलं तर कमी. एवढ्यावर खालचा नट थोडाथोडा फिरवत जायचं. वरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या नळीत, हलकं ऑइल आहे ना, ते आधी पाहा. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचके देते, आणि लोक उगाच पूर्ण कार्बोरेटर खोलून बसतात.

गंज

इथे पारडं उलटं होतं, निदान अर्धं तरी. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. दाराखालची सिल म्हणजे पत्र्याचे थर जोडून केलेली पेटी, बाहेरचा, मधला, आतला, आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी. ही पेटी कुजली की गाडी मधोमध खचते. पुष्कळ गाड्यांत जुन्या गंजावरच नवा पत्रा चढवून रंग दिलेला असतो. नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो, आणि कापण्याआधी आतून आधार द्यावा लागतो, नाहीतर दार पुन्हा कधीच बसत नाही. हे शिकाऊ हाताचं काम नव्हे. माझ्या गाडीच्या दोन सिलना मी इंजिनावर नऊ वर्षांत केला त्याहून जास्त खर्च केला.

तपासायची सोपी रीत आहे. दार बंद असताना फटी बघून ठेवा, मग त्याच बाजूच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून गाडी उचला. फट बदलली, किंवा दार उघडून परत लावताना अडकलं, तर गाडी सोडून द्या. वरून कितीही लखलखत असली तरी.

स्पिटफायरला खाली स्वतंत्र चेसिस आहे, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. ते चुकीचं आहे. चेसिस कण्यासारखी मधून जाते, कडेचं बळ तिच्या सिलच देतात. पण गाडीचं अंग चेसिसपासून बोल्टने सुटतं, बोनेट तर चार माणसांनी उचलून बाजूला ठेवता येतं, त्यामुळे कुठे काय सडलंय ते दिसतं. दिसणारा गंज घरी हाताळता येतो.

जिथे स्पिटफायर माफ करत नाही

पुढच्या चाकाच्या आत, खालच्या बाजूला, पितळी ट्रनियन असतो, चाक ज्यावर वळतं तो सांधा. त्यात आटे असलेला पोलादी दांडा फिरतो. तिथे ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल भरायचं असतं, वर्षातून एकदा तरी, आणि कडेने बाहेर येईपर्यंत. ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो. माझी गाडी आली तेव्हा सोबत एका गॅरेजची बिलं होती, प्रत्येकावर 'पुढचं सस्पेन्शन ग्रीस केलं' असं लिहिलेलं. मी विश्वास ठेवला. तिसऱ्या आठवड्यात घराच्या फाटकात वळताना, चालण्याच्या वेगाने, डावीकडून खाडकन आवाज आला आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसली. दांडा आट्यांपाशी तुटला होता. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग चकाकत होता आणि अर्धा तपकिरी, म्हणजे तडा खूप आधीच गेलेला. अर्ध्या तासापूर्वी मी हमरस्त्यावर होते. स्पिटफायर घेतलीत तर पहिल्याच दिवशी ट्रनियन उघडून बघा, मग बाकी सगळं.

दुसरी गोष्ट थ्रस्ट वॉशरची, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांची. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर वॉशर झिजलेत. वेळेत कळलं तर संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, काढून इंजिन जागेवर ठेवूनच बदलता येतात. ते गळून खाली पडले तर क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि इंजिन जातं.

मागच्या हबचं बेअरिंग मात्र घरी करायला जाऊ नका, त्याला भक्कम पुलर आणि प्रेस लागतो. शिवाय सुरुवातीच्या स्पिटफायर वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडून घसरू शकतात. १९७० च्या मार्क फोर मॉडेलपासून पाट्यांची रचना बदलली आणि हा दोष बराच गेला. नवशिक्याने त्यानंतरचीच घ्यावी.

एमजीबीचं मागचं काम बैलगाडीइतकं साधं, सरळ ॲक्सल आणि लांब पाटे. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला नेहमीचं ग्रीस, चाकं हवेत ठेवून. तिथे घाबरण्यासारखं काही नाही.

सुधारणा करायच्या तर

दोघींनाही सगळ्यात आधी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॉइंट्सच्या जागी बसणारा छोटा संच येतो, तासाभराचं काम. काही संच इंजिन बंद असताना चावी चालू ठेवली तर जळतात, म्हणून जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. संच घेण्याआधी गाडीचं अर्थिंग तपासा. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं, उलट जोडणी केली की खेळ संपला. हेडलाइटना रिले लावा, प्रकाशातला फरक पहिल्याच रात्री कळेल. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला. २०२१ पासून ब्रिटनच्या पंपावर साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. मी ई५ वालं सुपरच भरते.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर, मात्र नंतर बसवू म्हणू नका, असलेलीच गाडी शोधा. मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने जाताना एमजीबी ओव्हरड्राइव्हमध्ये निवांत गुणगुणते, त्याशिवाय तीच गाडी कानाला नकोशी होते. आकड्यांत बघितलं तर जुन्या एमजीबीला ९५ अश्वशक्ती, स्पिटफायर १५०० ला ७१. स्पिटफायर हलकी असली तरी चढावर लांब पल्ल्याला हा फरक जाणवतो. इथे एमजीबीच जिंकते, आणि मी तिला म्हणूनच अजून आठवते. १९७४ च्या अखेरीपासून तिला काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली गेली, त्यामुळे वळणावर ती डुलते. त्या स्वस्त मिळतात आणि खाली बसवायचे संचही आहेत, तेव्हा दिसण्यावर जीव नसेल तर तो चांगला सौदा.

दोन्ही गाड्या आता चाळीस वर्षांपलीकडच्या, म्हणून रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि मोठे बदल केले नसतील तर वार्षिक एमओटी, म्हणजे गाडीच्या तंदुरुस्तीची तपासणी, हीही सक्तीची नाही. तरी मी दरवर्षी स्वतःहून करून घेते. तो ट्रनियन तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकदा जरी आला असता, तर बहुधा वाचला असता.

गाडी बघायला जाल तेव्हा फडक्यात गुंडाळलेलं चुंबक (रंगाखाली पत्रा आहे की नुसती पुटी ते कळायला), टॉर्च, जॅक आणि झोपायला जुनी चादर घेऊन जा. आणि क्लच दाबायला कुणीतरी सोबत न्या.