घोस्टचा 'फँटोमाइम', सहा महिन्यांनंतर: आयत्या बिळावर नागोबा?

चौथं गाणं, साधारण तिसरं मिनिट. टक, टक, टक, आणि प्लेअर थेट पाचव्या गाण्यावर. घोस्ट या स्वीडिश रॉक बँडच्या 'फँटोमाइम'ची माझी सीडी पहिल्या दिवसापासून अशीच. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "बाकीची चार वाजतात ना?" अहो, पण सात मिनिटांचं, सगळ्यांत लांब गाणं तेच! अख्खा ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा गाण्यांचा संच, अर्ध्या तासाचाही नाही. त्यात सीडी वाचली जाते आतून बाहेर. चरा काठाला असता तर एवढीशी गाणी तिथवर पोचलीही नसती. आमचा नेमका मध्ये.

चिडलो होतोच, त्यामुळे मूळ दुखणं आणखी ठसठसायला लागलं: पाचही गाणी उसनी, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांची 'कव्हर'. त्यांच्या २०१६च्या 'पोपस्टार' ईपीमध्येही चार कव्हर होती, पण सुरुवातीला 'स्क्वेअर हॅमर' हे स्वतःचं होतं, आणि त्या एका गाण्यावर पैसे वसूल झाले. २०१९ला तर दोनच गाणी दिली, दोन्ही घरची. त्यातलं 'मेरी ऑन अ क्रॉस' तीन वर्षांनी टिकटॉकवर धुमाकूळ घालून गेलं. इथे मात्र गिटारची एकही रिफ, म्हणजे घोळवलेली धून, बँडचा गायक-गीतकार टोबियस फोर्ज याच्या डोक्यातली नाही. २०२२च्या 'इम्पेरा' अल्बमनंतर माणूस दमला असेल, मान्य. पण मग एखादं उरलंसुरलं गाणं तरी? मी पहिल्याच आठवड्यात दोस्ताला लिहिलं होतं, "घेऊ नकोस, स्ट्रीम कर."

तो सल्ला आता अर्धा मागे घेतो.

कारण ती अडकणारी सीडीच. ते चौथं गाणं पुरं ऐकायला मिळेना म्हणून ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनच्या १९८०च्या पहिल्या अल्बमवरचं मूळ 'फँटम ऑफ द ऑपेरा' लावलं. पुढचे काही महिने तेच. तेव्हाचा गायक पॉल डिआनोचा खरखरीत आवाज, स्टीव्ह हॅरिसचा दौडणारा बेस, आणि रेकॉर्डिंग असं की बँडनेच पुढे नाकं मुरडली. चौथ्या महिन्यात, बऱ्याच पत्रापत्रीनंतर, बदली सीडी आली. मूळ गाणं तोंडपाठ झालं होतं, त्यामुळे घोस्टने काय केलंय ते पहिल्यांदा नीट कळलं. नोटा जवळपास त्याच, पण डिआनो अंगावर धावून येतो आणि फोर्ज कानाशी येऊन गोड बोलतो. भीती कशाची जास्त वाटावी? मला दुसऱ्याची. मधल्या दोन गिटारांच्या जुगलबंदीत तर एकही कोपरा निसटू दिलेला नाही. २०१७मध्ये मेडनच्या अमेरिका दौऱ्यात हेच लोक आधी वाजवायचे, ते दिवस फुकट गेले नाहीत म्हणायचे.

जेनेसिसचं 'जीझस ही नोज मी' तर यांच्याच मापाने शिवल्यासारखं. टीव्हीवरून देणग्या उकळणाऱ्या धर्मोपदेशकांची फिल कॉलिन्सने केलेली थट्टा, आणि आता ती गाणारा कोण, तर स्टेजवर पोपचा झगा घालणारा फोर्ज. कीबोर्डची जागा गिटारने घेतली तरी चाल जराही जड झालेली नाही. टेलिव्हिजनचं 'सी नो इव्हिल' मात्र मला आजही पटत नाही. मूळ गाण्यातला तिरकसपणा इस्त्री करून घालवलाय. स्ट्रँगलर्सचं 'हँगिंग अराउंड' बरं आहे. स्वयंपाक करताना चालतं.

राहिलं शेवटचं, टीना टर्नरचं १९८५चं 'वी डोन्ट नीड अनदर हीरो'. सुरुवातीला ते मी ओलांडून जायचो, कारण चौथं अडकलं की प्लेअर चिडवल्यासारखा त्यावरच उडी मारायचा. ईपी आला १८ मे २०२३ला, आणि २४ मेला टीना गेली. त्या रात्री मुद्दाम लावलं. तिच्यासारखा आवाज फोर्जला या जन्मी निघणार नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केलेला नाही. कोरसला तो मागे सरकतो, बाकीचे आवाज पुढे येतात. त्या एका गोष्टीसाठी त्याला बरंच माफ.

तरी 'स्क्वेअर हॅमर'सारखं एक हवंच होतं. सहावं म्हणून, शेवटी, तीन मिनिटांचं का होईना.

जुनी सीडी त्यांनी परत मागितली नाही. टाकलेली नाही मी. चार वाजतात ना.