पाच विभाग, एक विज्ञान इमारत : आर्किटेक्टच्या कामाबद्दल, चार सत्रांनंतर

आमच्या कॉलेजच्या नव्या विज्ञान इमारतीत शिकवायला लागून मला चार सत्रं झाली. जिनं तिचं डिझाइन केलं त्या आर्किटेक्ट संस्थेबद्दल लिहायचं मी मुद्दामच लांबवलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी कुठलीही इमारत छानच दिसते. प्रयोगशाळा कशी आहे हे कळायला तिथं निदान एकदा सगळ्या बॅचेसच्या प्रात्यक्षिक परीक्षा पार पडाव्या लागतात.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि इमारत समितीत आमच्या विभागाची प्रतिनिधी होते. भौतिक, रसायन, वनस्पती, प्राणी आणि भूशास्त्र हे विभाग कॅम्पसभर विखुरलेले होते. पहिल्या बैठकीला प्रत्येकजण आपल्याला हव्या असलेल्या खोल्यांची यादी घेऊन आला. आर्किटेक्टनी त्या याद्या बाजूला ठेवल्या आणि वेळापत्रकं मागितली. कुठली खोली कोणत्या दिवशी किती तास रिकामी असते, ते त्यांनी तक्त्यात मांडलं. नंतर ते प्रत्येक प्रयोगशाळेत दोन दोन दिवस येऊन बसले. माझ्या टायट्रेशनच्या बॅचला त्यांच्यातली एक तरुण मुलगी कोपऱ्यात उभी राहून मुलं कुठून कुठं जातात, याच्या रेघा कागदावर ओढत होती. ब्युरेट (मापाची काचनळी) भरायला जाणारी आणि वजन करायला जाणारी मुलं एकाच चिंचोळ्या जागेत एकमेकांना धडकतात, हे तिनं दाखवून दिलं. इतकी वर्षं शिकवून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. या टप्प्याला मी पूर्ण गुण देते.

पहिल्या सादरीकरणात त्यांनी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांच्या कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचं उदाहरण दिलं. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत प्रयोगशाळांच्या मजल्यांमध्ये नळ्या आणि हवेचे डक्ट यांच्यासाठी माणूस उभा राहील एवढे मजले ठेवले आहेत, आणि खुद्द प्रयोगशाळेत खांब नाहीत. एवढी चैन आम्हाला परवडणारी नव्हती. त्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळांच्या मागच्या बाजूनं एक गल्ली काढली. पाणी, गॅस, वीज, सांडपाणी सगळं तिथून जातं. आम्ही तिला ‘मागची गल्ली’च म्हणतो. प्लंबर तिथं सरळ उभा राहून काम करतो आणि इकडे आमची बॅच चालू असते. जुन्या इमारतीत एक नळ गळला तर ओटा फोडावा लागे आणि आठवडाभराची प्रॅक्टिकल्स जात.

एकत्रित इमारत म्हटल्यावर वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांची पहिली शंका होती, ‘तुमचे वास आमच्याकडे येणार का?’ शंका रास्त होती. रसायनशास्त्र सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलं, म्हणजे फ्यूम हूडचे (घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटांचे) डक्ट आखूड राहतात आणि थेट गच्चीवर निघतात. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानं आत खेचली जाते. प्रयोगशाळेतला हवेचा दाब बाहेरच्या व्हरांड्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला आहे, त्यामुळे दार उघडलं की हवा बाहेरून आत येते. प्राणिशास्त्राच्या फॉर्मॅलिनच्या खोलीलाही हीच व्यवस्था आहे. आज व्हरांड्यात उभं राहून कुठल्या विभागात आहोत ते वासावरून सांगता येत नाही. आमच्यासारख्यांना याचं मोल कळेल.

इमर्जन्सी शॉवरवरून मात्र आमचा वाद झाला. अंगावर रसायन सांडलं तर पंधरा मिनिटं पाण्याखाली उभं राहावं लागतं. मिनिटाला ७५ लिटर धरले तर अकराशे लिटरच्या वर पाणी होतं, आणि नकाशात त्याखाली निचराच नव्हता. त्यांचं म्हणणं, क्वचित वापरातला ट्रॅप (निचऱ्याच्या नळीतलं, पाणी साठवून वास अडवणारं वळण) कोरडा पडतो आणि गटाराचा वास वर येतो. तेही खरंच होतं. दोन बैठकांनंतर त्यांनीच तोडगा आणला : शेजारच्या हात धुण्याच्या बेसिनचं पाणी त्याच नहाणी ट्रॅपमध्ये सोडलं. रोज पाणी पडतं, ट्रॅप सुकत नाही. ऐकून घेणारा आर्किटेक्ट मिळणं किती महत्त्वाचं असतं, हे मला त्या दिवशी पटलं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. भौतिकशास्त्राची प्रकाशकीची प्रयोगशाळा कंपनं टाळण्यासाठी तळमजल्यावर ठेवली. भूशास्त्राचं खडक कापायचं यंत्र दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र पायावर बसवलं. इथवर उत्तम. पण शेवटच्या नकाशात दर्शनी दालन ऐसपैस व्हावं म्हणून लिफ्ट सरकवली आणि ती नेमकी प्रकाशकीच्या भिंतीला येऊन चिकटली. हा बदल समितीला वेगळा कळवला गेला नाही. मायकेलसनच्या इंटरफेरोमीटरमध्ये (प्रकाशलहरींच्या मदतीनं अतिसूक्ष्म अंतर मोजायच्या उपकरणात) आरसा मिलिमीटरच्या सुमारे ३,४०० व्या भागाइतका हलला, तरी सोडियमच्या प्रकाशात एक अख्खी फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचा एक पट्टा, सरकते. लिफ्ट आली की फ्रिंजा थरथरतात, मुलांची मोजणी चुकते. मोटरखाली रबरी पॅड घालून त्रास कमी झाला, गेला नाही. माझे सहकारी तो प्रयोग सकाळी लिफ्ट बंद ठेवून घेतात, आणि ज्यांना जिना चढता येत नाही अशा मुलांना त्या दोन तासांत वरचे वर्ग गाठता येत नाहीत. दालनाच्या चार फुटांसाठी हे व्हायला नको होतं.

तरीही मला सगळ्यात जास्त आनंद देते ती मधल्या मजल्यावरची सामायिक उपकरणांची खोली. पूर्वी स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) आमच्या विभागात कुलपात असायचा. आता वनस्पतिशास्त्राची मुलं पानांचा ॲसिटोनमधला अर्क घेऊन येतात आणि क्लोरोफिलसाठी ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरवर शोषण मोजतात. त्याच यंत्रावर माझी मुलं परमँगनेटच्या द्रावणांवर बिअर-लॅम्बर्टचा नियम (द्रावण जितकं दाट, तितकं शोषण जास्त) पडताळतात. मागच्या सत्रात माझ्या एका विद्यार्थ्यानं शेजारच्या मुलीला विचारलं, ‘दोन तरंगलांबी कशाला?’ तिनं क्लोरोफिल ए आणि बी दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून दोन समीकरणं सोडवावी लागतात, हे त्याला वहीत मांडून दाखवलं. मी मागे उभी होते, मध्ये बोलले नाही.

करारात एक वर्षानंतरची पाहणी धरलेली होती आणि ते खरंच आले. कुठलंही कॉलेज असं काम देणार असेल तर हे कलम आवर्जून घालावं, आणि नकाशातल्या प्रत्येक बदलावर समितीची सही लागेल हेही. त्यांनी धूर सोडणारी नळी प्रत्येक हूडसमोर धरून पाहिली. दाराजवळच्या तीन हूडमध्ये, दार उघडताच, धूर बाहेर ओढला जात होता. जागा निवडताना चुकलं, असं त्यांनी तिथंच कबूल केलं. दोन हूड आतल्या भिंतीकडे हलवून झाले आहेत, तिसऱ्याचं काम या सुट्टीत व्हायचं आहे.