वेक टर्ब्युलन्सवरचा एक दिवसाचा वर्ग : सकाळ उत्तम, दुपार वाया

खासगी वैमानिक परवान्याची तयारी करताना मी गेल्या महिन्यात एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेचा हा वर्ग केला. वेक टर्ब्युलन्स म्हणजे उडत्या विमानामागे हवेत उरणारे भोवरे. सेसना १७२ सारख्या, साधारण अकराशे किलोंच्या विमानाने मोठ्या जेटच्या मागे कसे उतरावे आणि कसे उडावे, एवढाच त्याचा विषय होता. फी थोडी जास्त वाटली होती, पण सकाळच्या सत्रातच ती वसूल झाली.

शिक्षकांनी टेबल फॅनसमोर थर्माकोलचा पंख धरला आणि त्याच्या टोकाशी पेटती उदबत्ती नेली. तोवर सरळ जाणारा धूर टोकापाशी पीळ घेत गुंडाळला गेला. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वरच्या कमी दाबाकडे वळते, त्यातून हे भोवरे तयार होतात; आणि विमान जितके जड व संथ, तितके ते जोरदार. मोठ्या जेटमागचे भोवरे मिनिटाला सुमारे ३०० ते ५०० फूट खाली बसत जातात. म्हणूनच उतरताना पुढच्या विमानाच्या मार्गाच्या वर राहायचे, त्याची चाके जिथे टेकली ती जागा हेरून ठेवायची आणि तिच्या पुढे उतरायचे. उड्डाण करताना उलट, ते जिथे जमीन सोडते त्याच्या अलीकडेच आपण उचलायचे. पण चढण्यात सेसना जेटला कशी पुरी पडणार? तेव्हा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला वळून त्याचा मार्ग सोडायचा, हेही त्यांनी फळ्यावर आखून दाखवले.

वारा मंद असला की निर्धास्त राहण्याची माझी सवय इथे मोडली. जमिनीलगत भोवरे दोन-तीन नॉटच्या (ताशी चार-पाच किलोमीटर) वेगाने बाजूला सरकतात, त्यामुळे तेवढाच हलका आडवा वारा एक भोवरा धावपट्टीवरच अडकवून ठेवू शकतो. मागून येणारा हलका तिरका वारा त्याला थेट आपल्या उतरण्याच्या जागेवर आणतो. १५ डिसेंबर १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे बोइंग ७५७ च्या मागे उतरणारे वेस्टविंड जेट कोसळून पाचही जण दगावले, ते प्रकरण शिक्षकांनी अर्धा तास उलगडले. पुढचे विमान दिसते आहे असे नियंत्रकाला सांगून त्याच्या मागे जाण्याची सूचना स्वीकारली, की अंतर राखण्याची जबाबदारी आपली होते, ही गोष्ट तेव्हा मनात पक्की बसली.

दुपारी मात्र निराशा झाली. बारा जणांत एक सिम्युलेटर, प्रत्येकाला दहा मिनिटे, आणि त्यातही भोवऱ्यात सापडल्यावर विमान कसे कलंडते हे ते यंत्र दाखवतच नव्हते. हेलिकॉप्टरच्या रोटरखालच्या झोताला एकच वाक्य मिळाले. छापील टिपणात १३६ टनांहून जड विमानामागे लहान विमानासाठी सहा सागरी मैल अंतर दिले आहे. ते रडारवरून नियंत्रक राखतात, टॉवर नसलेल्या धावपट्टीवर ते आपोआप मिळत नाही, एवढी एक ओळ हवी होती.

पाचपैकी साडेतीन तारे. नाव नोंदवताना सिम्युलेटरवर किती वेळ मिळेल हे आधी विचारून घ्या आणि शक्य असेल तर फक्त सकाळच्या सत्राची फी भरा.