परदेशी पैसा नागपुरात: मिहान की परसोडी?

परदेशी भागीदार नागपुरातल्या सॉफ्टवेअर कंपनीत पैसे घालणार असेल, तर जागेचा प्रश्न आधी सोडवावा. वर्धा रोडवरच्या मिहान सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) खरेदीवर जीएसटी शून्य दराने लागतो आणि सर्व्हर शुल्काविना आयात करता येतात. मात्र 5 वर्षांचा एकत्रित हिशेब धरून निव्वळ परकीय चलन मिळकत शिल्लक दाखवावी लागते, म्हणजे बाहेर गेलेल्या परकीय चलनापेक्षा आलेले जास्त हवे. पुण्या-मुंबईच्या ग्राहकांकडून आलेले रुपये तिथे उपयोगी पडत नाहीत. शिवाय सेझमधल्या युनिटांसाठीची 10एए कलमाची आयकर सवलत आता नव्या युनिटांना मिळत नाही. जुन्या सादरीकरणांत ती अजून दिसते. गुंतवणूकदाराला दाखवण्याआधी ती ओळ काढाच.

नागपुरातल्याच परसोडीच्या आयटी पार्कमध्ये परकीय चलनाचे हे बंधन नाही. एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचे हमीपत्र) भरून जीएसटीविना निर्यात करा, देशी कामही घ्या. वीस-तीस जणांच्या, निम्मे काम देशी असलेल्या कंपनीला आम्ही परसोडीच सुचवू. सगळी बिले डॉलरमध्ये असतील आणि माणसे शेकड्यांनी वाढणार असतील, तर मिहान.

पैशाची कागदपत्रे दोन्हीकडे सारखीच. सॉफ्टवेअरमध्ये 100 टक्के परदेशी गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने येते, पण रक्कम आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप आणि त्यानंतर 30 दिवसांत एफसी-जीपीआर (रिझर्व्ह बँकेला शेअर वाटप कळवणारा फॉर्म) भरावा लागतो. घोडं अडतं ते इथेच: पाठवणाऱ्या बँकेकडून केवायसी उशिरा येते, शेअरच्या मूल्यांकनाचा दाखला तयार नसतो. दाखला आधीच करून ठेवा.